सकाळी ताप नव्हता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, देवासमोरही नाही — तिथे मी हात जोडते आणि दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच सांगते: मधेच मान हलवून 'होतं असं, नोकरी करणाऱ्या बाईचं सोपं नसतं' असलं काही म्हणू नका. ते वाक्य मी स्वतःला हजारदा म्हणून पाहिलंय. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मला त्या माणसाचा रागच येतो.

मी वकील आहे. जबलपूरच्या हायकोर्टात. आमचं घराणं इथे भोसल्यांच्या चाकरीत आलेलं, त्यामुळे घरात एक ताठा — आमची मराठी शुद्ध, आमचं वागणं शुद्ध, नागपूरकडून नंतर आलेले ते 'करून राहिलो'वाले वेगळे. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण धोटेबाई त्या 'करून राहिलो'वाल्यांपैकी होत्या, आणि मी त्यांच्याशी जे केलं त्यात या ताठ्याचाही हात होता.

धोटेबाई विजय नगरमध्ये पाळणाघर चालवत. खालच्या मजल्यावरची एक मोठी खोली, पुढे जाळी लावलेला व्हरांडा, आणि आठ-नऊ मुलं. विधवा बाई. नवऱ्याची माणसं वर्ध्याकडची, माहेर इथेच पाटनला. आमची सई दीड वर्षाची असल्यापासून त्यांच्याकडे जायची. सगळी मुलं त्यांना माई म्हणत. सईसुद्धा.

सईसुद्धा — हे लिहितानाही माझे दात आवळले जातात. संध्याकाळी मी घ्यायला गेले की ती धोटेबाईंच्या पदरामागे लपायची. धोटेबाई हसून म्हणायच्या, "अवं जा नं, आई आली नं तुझी." जणू माझी ओळख करून देत होत्या. मीही हसायचे. आणि गाडीत बसल्यावर सईशी एक शब्द बोलायचे नाही. तीन वर्षांच्या मुलीला अबोल्याची शिक्षा! काय कळत असेल तिला? काहीतरी कळत असणारच. ती गप्प बसायची.

ज्या आठवड्याबद्दल सांगायचंय त्याची गोष्ट अशी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस एका जुन्या अपिलाची अंतिम सुनावणी होती. आमच्या सिनियरनी पहिल्यांदाच मला स्वतः उभं राहून युक्तिवाद करायला सांगितलं होतं. त्याच महिन्यात सरकारी वकिलांच्या पॅनलसाठी नावं जायची होती. आणि शनिवारी सईची शाळेची मुलाखत — कॅन्टोन्मेंटच्या बाजूची ती जुनी कॉन्व्हेंट शाळा, जिथे नर्सरीत नाव लागावं म्हणून लोक मूल पोटात असल्यापासून ओळखी काढतात. हो, मीही काढल्या होत्या.

त्या शाळेच्या फॉर्मला लसीकरण कार्डाची प्रत जोडायची होती. सईचं कार्ड काढलं तर गोवराच्या लशीचा रकाना रिकामा. नऊ महिन्यांची असताना ती लस द्यायची होती. त्या दिवशी मला कोर्टात तारीख होती, पुढच्या आठवड्यात शिरीषचा — माझ्या नवऱ्याचा — दौरा होता, आणि मग ते राहूनच गेलं. राहून गेलं! लस ही काय राहून जायची गोष्ट आहे? पण गेली. फॉर्म भरायच्या दिवशी मी निळं पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच तारीख टाकली. डॉक्टरांच्या सहीसारखी एक वेलांटी ओढली. चांगली जमली. कोर्टात दुसऱ्यांच्या खोट्या कागदांवर मी तावातावाने बोलते, हे तुम्हाला माहीत नसेल. आता माहीत झालं.

पण हा माझा गुन्हा नाही. म्हणजे आहे, पण तो लहान. थांबा.

बुधवारी सकाळी सई उठली ती अंगात ताप घेऊनच. नाक वाहत होतं, डोळे लाल. मी शिरीषला म्हटलं, तू आज रजा घे. वीज कंपनीत इंजिनियर होता तो. त्या दिवशी त्याच्या साहेबांची आढावा बैठक होती. तो म्हणाला, "तू घे ना." मी म्हटलं, माझी सुनावणी आहे. तो म्हणाला, "सुनावणी पुढे ढकलता येते, बैठक नाही." वर्षानुवर्षं आमचा सगळा संसार या एका वाक्यावर चालला होता — तू घे ना. आठेक मिनिटं आम्ही भांडलो. सई खुर्चीत बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग मी उठले, कपाटातून ताप उतरवायचं ते गुलाबी औषध काढलं आणि झाकणाच्या मापाने तिला पाजलं. शिरीषने ते पाहिलं. मग त्याने पेपर थोडा वर धरला, इतका की मला त्याचा चेहरा दिसेना.

अर्ध्या तासात ताप उतरला. मी तिला धोटेबाईंकडे सोडलं.

दुपारी त्यांचे तीन फोन येऊन गेले होते. मोबाइलचा आवाज बंद होता; मी कोर्टात उभी होते, आणि खरं सांगू? त्या तीन तासांत मला मुलीची एकदाही आठवण झाली नाही. मी फार चांगली बोलले. संध्याकाळी गेले तेव्हा धोटेबाई दारातच सईला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"वकीलताई, दुपारून पोरगी लई गरम लागून राहिली होती. सकाळी काही होतं का?"

"नाही. सकाळी ताप नव्हता."

हे ते वाक्य. पहिल्यांदा तेव्हा म्हटलं. इतक्या सहज, की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

गुरुवारी तेच. औषध जरा जास्त. संध्याकाळी धोटेबाईंचा आवाज बदललेला होता. त्या म्हणाल्या, "ताई, उद्या घरी ठेवा हिला. माझ्याकडे लहान बाळ आहे, तिवारी मॅडमचं, सात महिन्यांचं. मी एकटी किती वेगळं ठेवू? खोली एकच आहे नं." मी म्हटलं, ठीक आहे, ठेवते. गाडीत बसता बसता मला कळलं होतं की मी ठेवणार नाही. शुक्रवारी समारोपाचा युक्तिवाद होता. तो दुसऱ्या कुणी करायचा? ती सगळी केस माझी होती, तिच्यासाठी मी रात्र-रात्र जागले होते.

आणि मला राग आला होता. हे नीट ऐका. मला भीती नव्हती वाटली, लाज नव्हती वाटली. राग आला होता की ही बाई मला सांगणार, मी माझ्या मुलीला कुठे ठेवायचं ते.

शुक्रवारी सकाळी मी सईला औषध पाजलं. मग मोसंबीचा रस काढला, तिच्या निळ्या बाटलीत भरला, आणि त्यात आणखी एक माप औषध ओतलं. हलवलं. चाखून पाहिलं — वास येत होता, पण चवीला गोड. धोटेबाईंच्या हातात बाटली देऊन म्हटलं, "ताप गेलाय. डॉक्टरांनी बारा वाजता रस द्यायला सांगितलाय." डॉक्टरांना मी दाखवलंच नव्हतं.

त्यांनी सईच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं. "चलो, बरं झालं," म्हणाल्या, आणि तिला आत घेतलं.

बारा वाजता त्यांनी स्वतःच्या हाताने तिला ते पाजलं. त्यामुळे त्या दिवशी ताप वर आलाच नाही. त्यामुळे त्यांनी सईला वेगळं बसवलं नाही. संध्याकाळी मला आनंदाने सांगितलं, "आज मस्त खेळली. तिवारी मॅडमच्या पाखीजवळच बसून होती दिवसभर. तिच्या पाळण्यात खेळणी टाकून राहिली, पाप्या घेऊन राहिली."

मी म्हटलं, "अच्छा."

शनिवारी मुलाखत झाली. औषध पाजूनच नेलं तिला. बाहेरच्या खोलीत वीसेक मुलं होती, कडक इस्त्रीची, भांग पाडलेली. सई त्यांच्यात बसली, शिंकली, एकीची बाहुली हातात घेतली. त्या मुलांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. आत सिस्टरनी तिला रंग विचारले, तिने सांगितले. मग विचारलं, "बेटा, घर में कौन-कौन है?" सईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "माई." मग पप्पा. मग मी.

मी हसून सिस्टरना समजावलं की माई म्हणजे आमची आया.

रविवारी सकाळी सईच्या कानामागे पुरळ दिसलं. दुपारपर्यंत चेहऱ्यावर उतरलं. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, गोवर. लस नव्हती दिली? मी म्हटलं, दिली होती. ते जरा बुचकळ्यात पडले, म्हणाले होतं कधीकधी. मग म्हणाले, "ही चार दिवसांपासून दुसऱ्यांना लागण देत असणार. पाळणाघरात जाते ना? तिथे आजच कळवा. लहान बाळं असतील तर त्यांच्या आईबापांना म्हणावं, लगेच घेऊन या. वेळेत आलं तर काहीतरी करता येतं."

आज. लगेच. वेळेत. हे सगळे शब्द मी ऐकले. मी बहिरी नव्हते.

घरी येऊन फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. का? आता इथे मी काहीतरी सांगेन आणि तुम्हाला वाटेल कारण सांगते आहे. कारण नाही, हिशेब होता. शाळेची यादी लागायची होती. गोवर म्हटलं की बोभाटा होणार, बोभाटा शाळेपर्यंत जाणार, शाळा कार्ड पुन्हा बघणार, आणि त्या डॉक्टरांना एक फोन केला की माझी वेलांटी उघडी पडणार. वकिलाने खोटा कागद केला — पॅनल तर सोडाच, सनद राहील का? एका बाजूला हे. दुसऱ्या बाजूला तिवारींचं सात महिन्यांचं बाळ, ज्याला मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मी धोटेबाईंना फोन केला तो सोमवारी. सांगितलं, सईला साधं व्हायरल आहे, दोन आठवडे तिला माझ्या मावशीकडे सागरला ठेवते आहे. सई घरातच होती, मागच्या खोलीत, पडदे ओढून. शिरीषने शेवटी रजा घेतली. त्याने मला काही विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते या कबुलीत मावणार नाही.

दहा-बारा दिवसांनी पाखी तापली. मग आणखी दोन मुलं. ती दोघं लवकर सावरली. पाखी सावरली नाही. छातीत कफ भरला, न्यूमोनिया झाला, बारा दिवस ती दवाखान्यात होती. शालिनी — पाखीची आई, सरकारी शाळेत शिकवायची — तिच्या उशाशी बसून असायची. मी भेटायला गेले होते. हो, गेले होते! फळं घेऊन. काचेतून आत पाहिलं. ते एवढंसं तोंड, त्यावर नळी. मी शालिनीच्या पाठीवर हात ठेवला. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. माझा खांदा हलला नाही.

पाखी वाचली. पण दोन्ही कानांतून पू वाहत राहिला, आणि तो थांबला तेव्हा उजव्या कानाचं ऐकणं जवळजवळ गेलेलं होतं, डाव्याचं निम्मं.

त्यानंतरच्या रविवारी सगळे आईबाप धोटेबाईंच्या व्हरांड्यात जमले. लागण आली कुठून, हाच प्रश्न. धोटेबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. सई माझ्या कडेवर होती. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि सई दोन्ही हात पसरून त्यांच्याकडे झेपावली. मी तिला घट्ट धरून ठेवलं.

कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, सबसे पहले तो आपकी बच्ची बीमार हुई थी ना?

मला वाटतं, तिथे एक क्षण होता. खरंच होता. मी बोलू शकले असते.

मी बोललेच. उभी राहून, कोर्टात बोलते तशी, ठाम, आवाज न चढवता. म्हटलं, हो, माझीच मुलगी आधी आजारी पडली, म्हणूनच मी सांगू शकते. रोज मी तिला धडधाकट सोडून जात होते. सकाळी ताप नव्हता. दुपारी इथे ताप यायचा. मी विचारते, इथे कोण येतं-जातं, मोलकरणीची कोणती मुलं येऊन बसतात, अंथरुणं कधी धुतात? एकाच खोलीत नऊ मुलं. आजारी मूल वेगळं ठेवायला जागा नाही — हे यांनी मला स्वतः सांगितलंय. विचारा त्यांना, सांगितलं की नाही?

धोटेबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं." त्या खरं बोलल्या. त्यावर कुणाला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

तक्रारीचा अर्ज मी लिहिला. दोन पानी, मुद्देसूद. एक प्रत नगर निगमला, एक घरमालकाला. सगळ्यांनी सह्या केल्या. शालिनीने सही करून माझा हात हातात घेतला. म्हणाली, "दीदी, आप न होतीं तो हम लोग तो चुप ही रह जाते."

महिन्याभरात घरमालकाने धोटेबाईंना खोली सोडायला लावली.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं, नाही? पण अजून आहे. ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते पुढे आहे.

जायच्या आधी धोटेबाई आमच्या घरी आल्या. सुट्टीचा दिवस होता, दुपार. हातात पिशवी — सईचे दोन फ्रॉक, वाटी-चमचा, आणि ती निळी बाटली. सगळं धुऊन, घडी करून. मी त्यांना आत या म्हटलं नाही. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"ताई, एक विचारू? त्या शुक्रवारी तुम्ही गेल्यावर बाटली धुवून राहिली होती मी, तर औषधाचा वास आला. गुलाबी साका बसला होता तळाला. पंधरा वर्षं झाली पोरं सांभाळून, तो वास मला कळते. तुम्ही माझ्याच हातून पाजलं नं तिला?"

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"मीटिंगमध्ये बोलली नाही मी. काहून नाही बोलली, माहीत आहे? पोरगी तुमच्या कडेवर होती. तिच्यासमोर तिच्या आईला..." त्यांनी पदर सारखा केला. "मला काही नको. फक्त तिवारी मॅडमला एकदा खरं सांगा. ती बाई मला शाप देऊन राहिली. माझ्यानं नाही सोसवत ते."

एवढंच मागणं. रस्ता ओलांडून दोन गल्ल्यांवर शालिनीचं घर होतं.

आणि मी — आपल्याच दारात, मराठी बोलणाऱ्या बाईशी — हिंदीत बोलले. अंतर ठेवायचं असलं की मी हिंदीत जाते. म्हटलं, "देखिए, आप जो कह रही हैं उसका कोई सबूत है आपके पास? नहीं है. ये बात अगर बाहर गई तो मैं मानहानि का केस करूँगी. और बिना रजिस्ट्रेशन पालना-घर चलाने का अलग. कोर्ट के चक्कर काटते-काटते बाल सफ़ेद हो जाएँगे आपके. समझ गईं?"

त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसेल असं वाटलं होतं. दिसली. मला बरं वाटलं. हे मला सांगायचं होतं. औषध पाजलं, कार्ड भरलं, फोन केला नाही — ते सगळं घाईत, घाबरून केलं असं कुणी म्हणेल. पण त्या दारात मला घाई नव्हती. मी जिंकलेली होते, समोरची बाई हरलेली होती, तिचं घर गेलेलं होतं, आणि तरी मी तिला आणखी एकदा पाडलं. कारण माझी मुलगी तिच्याकडे झेपावली होती. कारण माझ्या मुलीने घरातल्या माणसांत तिचं नाव आधी घेतलं होतं.

आतून सईने आवाज ओळखला. "माई!" म्हणून धावत आली. मी दार लावून घेतलं. ती दारावर हात आपटत राहिली, आणि बाहेर पावलं थांबली होती ती बऱ्याच वेळाने जिना उतरताना ऐकू आली.

पुढे सगळं आमच्या मनासारखं झालं. यादीत सईचं नाव लागलं. पुढच्या वर्षी माझं नाव पॅनलवर आलं. सई शिकली, आता बेंगळुरूला नोकरी करते. मराठी समजते तिला, बोलते मात्र हिंदीच. लहानपणीचं तिला काही आठवत नाही असं ती म्हणते. धोटेबाई पाटनला भावाकडे गेल्या. तिथे शिवणकाम करत असल्याचं कानावर आलं. पाटन इथून तासाभराचा रस्ता. कामानिमित्त मी तिथे कितीतरी वेळा गेले आहे. त्यांच्या दारी गेले नाही.

आणि तिवारी अजून विजय नगरातच आहेत. शालिनी दर दिवाळीला डबा घेऊन येते. नवीन कुणी भेटलं की माझी ओळख करून देते — इन्होंने हमारी लड़ाई लड़ी थी. मी ते ऐकून घेते. एकदाही, अगदी एकदाही, नको म्हटलं नाही.

मागच्या महिन्यात ती पाखीला घेऊन आली. मुलगी हुशार निघाली. एका सरकारी खात्याची परीक्षा चांगल्या क्रमांकाने पास झाली, आणि वैद्यकीय तपासणीत कानांवरून नापास केली. याचिका करायची म्हणून आल्या. पाखी माझ्या समोर डावा कान पुढे करून बसली होती, माझे ओठ बघत. तिच्या आईने सांगितलं, बेटा, आंटी पर भरोसा रखो, ये तुम्हारे लिए तब भी खड़ी हुई थीं.

मला दुसरा वकील सुचवता आला असता. चार नावं जिभेवर होती.

मी फाइल घेतली. बहिरेपण जन्मजात नाही हे दाखवायला शपथपत्रात आजाराचा इतिहास द्यावा लागतो. मी मजकूर सांगितला, कारकुनाने टाइप केला: अर्जदारास वयाच्या सातव्या महिन्यात, पाळणाघर चालवणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे गोवराची लागण झाली. खाली धोटेबाईंचं पूर्ण नाव. ते माझ्या लक्षात होतं. मी चुकले नाही.

पाखीने वाचलं नाही. म्हणाली, "आंटी, आपने लिखा है तो ठीक ही होगा," आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. मी उभी राहणार आहे.